अंटार्क्टिकात भरतीला आपली तिथी चालते का?

शापोराकाठचा मास्तर:
मी पेडणे तालुक्यात मराठी शाळेत सातवीला भूगोल शिकवतो. आमचं खाजन, म्हणजे बांध घालून राखलेली खाऱ्या पाण्याकाठची शेतजमीन, शापोरा नदीला लागून आहे. आजोबा मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, राखायचे. भरतीचं पाणी चढलं की मानशीची दारं आपोआप मिटतात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पण सुकतीला मानशीत जाळं लावायचं तर वेळ आधी ठाऊक हवी. त्यासाठी आजोबा तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. मिनिटाचा हिशेब नव्हे, पण जाळं त्यावर लागायचं. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे सर्वात कमी चढ-उतार.

परवा हे वर्गात सांगत होतो, तेव्हा एका होडीवाल्याच्या मुलीने विचारलं, "सर, अंटार्क्टिकात समुद्र गोठतो, मग भरती बर्फाखाली अडकून राहते का? आणि तिथे आपली तिथी चालते का?" बर्फही उचलला जातो एवढं मी सांगितलं. तिथीचं मला सांगता आलं नाही. तिला उत्तर नीट द्यायचं आहे. कुणी समजावून सांगेल का?

वास्कोचा मेकॅनिक:
मास्तर, बर्फाचं मी डोळ्यांनी पाहिलंय. सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या मोहिमेतून अंटार्क्टिकातल्या आपल्या भारती स्थानकावर गाड्या दुरुस्तीला गेलो होतो. भारती अगदी समुद्राला लागून आहे, २०१२ साली सुरू झालेलं. आपलं दुसरं स्थानक मैत्री आत, समुद्रापासून बरंच लांब, तिथे हे दिसत नाही.

किनाऱ्याच्या खडकाला चिकटलेला बर्फ जागचा हलत नाही, पुढचा तरंगता बर्फ मात्र भरतीबरोबर वर चढतो, सुकतीला खाली बसतो. दोघांच्या मधे किनाऱ्याला धरून भेग पडते. कधी तिच्यातून पाणी वर येऊन पसरतं आणि तिथेच गोठतं. समुद्री बर्फावर उतरायचं तर आधी ती भेग बघायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. रात्री शांत असलं की बर्फ करकरताना ऐकू येतो. मला तर आमच्या खारीवाड्याच्या धक्क्याला बांधलेल्या ट्रॉलरांची आठवण व्हायची.

तिथीचं मात्र जाणकाराने सांगावं.

सागरिका, दोनापावल:
मुलीचा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे. माझं उत्तर असं: अंटार्क्टिकाला लागून असलेल्या दोन समुद्रांपैकी वेडेल समुद्रात तिथी चालेल, रॉस समुद्रात चालणार नाही. तिथे नक्षत्र बघावं लागेल.

तिथी म्हणजे आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनाचं अंतर. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या येतात आणि चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत आली की उधाण येतं. रॉस समुद्रात बहुधा दिवसाला एकच भरती. ही एकेरी भरती चंद्राच्या क्रांतीवर, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला गेलाय यावर ठरते. चंद्र विषुववृत्तावर असला की ती जवळजवळ मावळते, मग पुनव का असेना. तो टोकाला गेला की रॉस समुद्राकाठच्या मॅकमर्डोपाशी पाणी साधारण मीटरभर चढतं-उतरतं.

आपल्या एका उधाणापासून दुसरं १४.७७ दिवसांनी, रॉसमधलं १३.६६ दिवसांनी. म्हणून ही दोन चक्रं एकमेकांपासून सरकत राहतात. आणि चंद्र २७ नक्षत्रं २७.३ दिवसांत फिरतो, म्हणजे रॉसचा हिशेब नक्षत्रांशी बसतो! सध्याच्या काळात चंद्र मृग-आर्द्रेच्या आसपास सर्वात उत्तरेला आणि मूळ नक्षत्राच्या आसपास सर्वात दक्षिणेला असतो. उत्तरा फाल्गुनी आणि उत्तरा भाद्रपदा या नक्षत्रांपाशी तो विषुववृत्त ओलांडतो. रॉसकाठी मानस असती, तर तुमच्या आजोबांनी पंचांगाचा पुढचा रकाना वाचला असता.

दिवसातून दोनदा भरती आणणारी चंद्राची ओढ ७७-७८ अक्षांशावर विषुववृत्ताच्या मानाने जेमतेम विसावा हिस्सा उरते. तरी वेडेल समुद्राच्या आतल्या टोकाला, रटफर्ड हिमप्रवाहापाशी (हिमप्रवाह म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे सरकणारी बर्फाची नदी), भरती-सुकतीत सहा मीटरांहून जास्त फरक पडतो. आपल्या मुरगावला उधाणातही दोन-सव्वादोन मीटर. कारण ती भरती तिथे जन्मत नाही, मोकळ्या महासागरातून लाट म्हणून येते आणि उथळ कोपऱ्यात चढत जाते. आर्क्टिकची भरतीही मुख्यतः अटलांटिकमधून येते.

शापोराकाठचा मास्तर:
नक्षत्राचं वाचून मी उठून पंचांग काढलं. सागरिकाताई, मनापासून आभार. आणखी एक. बर्फाखालचं पाणी मोजतात कसं? पट्टी कुठे रोवणार?

सागरिका, दोनापावल:
पट्टी नाही, तळाशी दाब मोजणारं यंत्र ठेवतात. तरंगता बर्फ आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतो, म्हणून वर बर्फ असो वा नसो, दाबातून भरती कळते. बर्फावर जीपीएस ठेवूनही कळते. उपग्रहांचं म्हणाल तर १९९२ चा टोपेक्स-पोसायडन ६६ अक्षांशापर्यंतच जायचा, त्यामुळे ध्रुवाकडचा भाग बराच काळ कोरा राहिला. २०१८ चा आइससॅट-२ हा ८८ पर्यंत पोचतो. त्याआधीही धडपड झालीच. डिस्कव्हरी जहाज १९०२ पासून १९०४ पर्यंत मॅकमर्डोच्या बर्फात अडकलं होतं, तेव्हा घेतलेल्या भरतीच्या नोंदी जॉर्ज डार्विन यांनी तपासल्या. चार्ल्स डार्विन यांचा हा मुलगा.

मुलीला हेही सांगा. रटफर्डचा वेग त्याच १४.७७ दिवसांच्या चक्रात सुमारे २० टक्क्यांनी बदलतो, तोही समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत. म्हणजे जमिनीवरचा तो बर्फ तिथीने चालतो. उलट रॉसकडचा व्हिलान्स हिमप्रवाह बराच वेळ अडून राहतो आणि भरती-सुकतीच्या ठरावीक वेळी, दिवसातून साधारण दोनदा, अर्ध्या तासाच्या आत अर्धा मीटरभर सरकतो. रॉस समुद्रावर तरंगणारं, महाराष्ट्राहून मोठं बर्फाचं पठार मीटरभर हललं, त्याचा हा परिणाम.

शापोराकाठचा मास्तर:
उद्यापासून फळ्यावर दोन रकाने आखतो. एकात तिथी आणि मानशीपाशी मुलांनी पाहिलेली भरतीची वेळ, दुसऱ्यात चंद्राचं नक्षत्र आणि रॉसला उधाण की भांग. महिनाभर भरायचे. दुसरा रकाना त्या मुलीकडे.