भारत–श्रीलंका मुक्त व्यापार करार : लहान देश खरोखर गिळला गेला का?

बंदरकाठ : मोठा देश लहान देशाशी मुक्त व्यापाराचा करार करतो तो त्याला गिळण्यासाठीच, श्रीलंकेकडे पाहा, करारामुळे तिची भारताशी व्यापारातली तूट वाढली, असे कालच्या लेखात ठोकून दिलेले वाचले आणि राहवले नाही. डिसेंबर १९९८ मध्ये सह्या झालेला आणि मार्च २००० पासून अमलात आलेला हा करार मुळातच लहान देशाकडे झुकता ठेवलेला होता. भारताने आपले आयात शुल्क तीन वर्षांत उतरवायचे होते, श्रीलंकेने आठ वर्षांत. सवलतीतून वगळलेल्या वस्तू भारताच्या ४२९, तर श्रीलंकेच्या ११८०. श्रीलंकेची भारताकडे होणारी निर्यात बव्हंशी या सवलतीतूनच होते. उलट भारतातून तिकडे जाणाऱ्या इंधनाचा आणि वाहनांचा या सवलतीशी फारसा संबंध नाही. मग श्रीलंकेची तूट करारामुळे वाढली, हे कशाच्या आधारावर म्हणता?

जुना निर्यातदार : कागदावरची उदारता मला सांगू नका. कोलंबोतल्या एका कपड्यांच्या कारखान्यात मी नोकरी केली आहे. सुरुवातीला सवलतीत वर्षाला ८० लाख नगांची मर्यादा, त्यातले ६० लाख भारतीय कापडाचेच असावेत ही अट, आणि माल उतरवायचा तोही नेमून दिलेल्या बंदरांतच. चहालाही दीड कोटी किलोची मर्यादा. श्रीलंकेला जे उत्तम जमते, नेमका तिथेच भारताने हात आखडता घेतला.

मिरीबाग : तुम्ही दोघेही सरकारांविषयीच बोलत आहात. सिंधुदुर्गात आमच्या सुपारीवर मिरीचे वेल आहेत. घड काढायचे, दाणे सोडवायचे, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायचे आणि काळे कुळकुळीत होईपर्यंत उन्हात वाळवायचे. एवढे करून बाजारात गेले की व्यापारी म्हणतो, श्रीलंकेची मिरी स्वस्त पडते. ती श्रीलंकेची तरी असते का? व्हिएतनामची मिरी कोलंबोमार्गे सवलतीत शिरते, अशी तक्रार केरळ-कर्नाटकातले बागायतदार वर्षानुवर्षे करत होते. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत, म्हणजे त्याहून स्वस्त मिरी आणायची नाही, असे ठरवावे लागले. ३५ टक्के मूल्यवर्धनाची, म्हणजे मालाच्या किमतीतला निदान तेवढा वाटा श्रीलंकेतच तयार झालेला असावा ही, अट कागदावर आहे, पण ती तपासतो कोण? मोठ्या देशातला लहान शेतकरी कोणत्या बाजूला मोजायचा, हे आधी सांगा.

बंदरकाठ : व्हिएतनामच्या प्रचंड उत्पादनामुळे मिरीचे भाव जगभर पडले, करार नसता तरी ते पडलेच असते. सगळे खापर कोलंबोवर फोडणे हा अन्याय आहे.

मिरीबाग : भाव पडणे आणि माल श्रीलंकेचाच असल्याच्या खोट्या दाखल्यावर तो येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या मुद्दाम मिसळू नका. वनस्पती तुपाचे विसरलात? पाम तेल बाहेरून आणलेले, कारखाने श्रीलंकेत, भांडवल बरेचसे भारतीयांचे आणि तूप भारतात शुल्काविना. तिकडे तेलावर शुल्क कमी, आपल्याकडे जास्त, एवढ्याच फरकावर तो धंदा उभा होता. २००८ मध्ये भारताने कच्च्या पाम तेलावरचे शुल्क काढले आणि त्याचा आधारच गेला. अशी निर्यात तुम्ही लहान देशाचा लाभ म्हणून मांडता?

बंदरकाठ : तुपाचा मुद्दा मान्य करणे भाग आहे, आणि तसाच बाहेरून आणलेल्या भंगारातून केलेल्या तांब्याचाही. पण लवंग, पशुखाद्य, विद्युत तारा पाठवणाऱ्यांचे काय? त्यांच्यासकट करार मोडायचा?

मिरीबाग : करार मोडा, असे मी कुठे म्हटले? बंदरात नमुना घ्या, उगमाचा दाखला कारखान्यापर्यंत जाऊन पडताळा आणि तोवर मिरीला सवलत देऊ नका.