आकडा वाचता आला नाही, तर गप्प का बसायचं?

हिशेबी माणूस: सोसायटीच्या जमाखर्चाचा छोटा प्रोग्रॅम मी हौसेनं जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला होता. खजिनदार काकांनी रंगकामाच्या रकान्यात सव्वा लाख भरले, आपल्या सवयीप्रमाणे स्वल्पविराम देऊन: १,२५,०००. (आकडे इंग्रजीच होते.) मजकुरातून आकडा काढणारं तिचं पार्सइंट हे फंक्शन पहिल्या स्वल्पविरामाशी थबकलं आणि १ देऊन मोकळं झालं. ना एरर, ना वॉर्निंग. अख्ख्या इमारतीचं रंगकाम एका रुपयात! काका खूश, शिल्लक वाढली ना.

माझं मत: सगळा मजकूर आकडा म्हणून वाचता येत नसेल, तर भाषेनं तिथल्या तिथे बोंब मारावी. पायथन भाषेचं याच कामाचं इंट असंच वागतं, व्हॅल्यूएरर नावाची चूक फेकतं. सी भाषेचं एटूआय मात्र खऱ्या शून्यालाही ० देतं आणि 'अबक'लाही ०. घरात कुणी नसणं आणि दारच न उघडणं एकच का?

रात्रपाळी: असहमत. रात्री तीनला फोन तुम्हाला येत नाही, आम्हाला येतो. रोज चाळीस हजार ओळींची फाइल येते. एकानं वयाच्या जागी 'माहीत नाही' लिहिलं म्हणून बाकीच्यांनी ताटकळायचं? आम्ही शून्य धरतो नि पुढे जातो.

हिशेबी माणूस: वय शून्य? तुमच्या यादीत तान्ही बाळं बरीच दिसतात!

रात्रपाळी: हसा. सरासरी काढताना शून्य वगळतो आम्ही.

अर्धविराम: म्हणजे खरं तान्हं बाळही गेलं बाहेर.

अहो, चूक कळणं वेगळं आणि काम थांबणं वेगळं. रस्ट भाषेतलं पार्स नुसता आकडा हातात देतच नाही, रिझल्ट देतं: आत आकडा किंवा चूक. शून्यच हवं असेल तर अनरॅप_ऑर ('चूक असेल तर हा आकडा घे') लिहून ते शून्य स्वतःच्या हातानं टाका. मग निदान कोड वाचणाऱ्याला कळतं की हे कुणीतरी ठरवून केलंय. गो भाषेतही चूक वेगळी मिळते, पण लोक तिच्या जागी अंडरस्कोर ('हे नको') टाकून ती गिळतात, त्याला इलाज नाही.

जुनं खोड: सीला नावं ठेवण्याआधी तिचंच स्ट्रटोल वापरून बघा. वाचन कुठे थांबलं त्याचा पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, मिळतो. तो न बघण्याचा आळस आपला.

हिशेबी माणूस: खोडकाका, जवळची वाट खड्ड्यात जात असेल तर लांबची चांगली आहे हे सांगून काय उपयोग? सगळे जवळच्या वाटेनंच जाणार.

बाराखडी: आणखी एक गंमत. देवनागरीत १२५ लिहून द्या. पायथनचं इंट निमूट घेतं, जावास्क्रिप्टचं नंबर त्याला नॅन ('हा आकडाच नाही') म्हणतं. तो नॅन बेरजेत मिसळला की अख्खी बेरीज नासते. इथे चुकलं कोण, लिहिणारा की वाचणारा?

रात्रपाळी: ते राहू दे. समजा मी बिघडलेल्या ओळी वेगळ्या फाइलीत काढल्या. ती फाइल वाचणार कोण?

हिशेबी माणूस: आमच्याकडे काका वाचतात. हल्ली स्वल्पविराम देत नाहीत, रकमेपुढे '/-' लिहितात.