1645 चं एसेक्स, चेटकीण आणि तिला शोधणारा: कादंबरीत तपशील कुठे गडबडतात?

कोरापान:
पंधरा ते वीस वयाच्या वाचकांसाठी ऐतिहासिक-अद्भुत प्रेमकथेचा आराखडा केलाय. काळ 1645, जागा इंग्लंडच्या एसेक्समधलं मॅनिंगट्री गाव. नायिका सतराची, झाडपाल्याची जाणकार, आणि तिच्याकडे खरोखरची जादू आहे. नायक एकोणीसचा, चेटकिणी शोधत फिरणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सच्या टोळीत नवा. तो तिला पकडतो, कोठडीत प्रेम जमतं, शेवटी पेटत्या चितेवरून तो तिला सोडवतो. विचारायचं आहे ते असं: संशयापासून शिक्षेपर्यंत नेमकं काय काय घडायचं? जादूचे नियम त्या काळाला धरून कसे बांधावेत? आणि या प्रेमात काही खटकतंय का?

सनावळी:
आधी ती चिता विझवा. इंग्लंडात चेटकाला फाशी होती. जाळायचे ते स्कॉटलंडात आणि जर्मन मुलखांत. 1645 मध्येच इप्सविचला मेरी लेकलंडला जाळलं हे खरं, पण ते चेटकाने नवरा मारल्याच्या आरोपावरून. बायकोने नवऱ्याला मारणं हा तिथे राजद्रोहाचाच धाकटा प्रकार मानला जाई आणि त्याची शिक्षा जाळण्याची होती.

फाशीसुद्धा सिनेमातली नको. पायाखालची फळी उघडणारा तख्ता नंतरचा. तेव्हा शिडीवरून ढकलत किंवा गाडी पुढे हाकत. मान मोडायची नाही, जीव हळूहळू घुसमटून जायचा. 1650 मध्ये ऑक्सफर्डला अ‍ॅन ग्रीन नावाची मोलकरीण फाशीनंतर जिवंत निघाली होती. सुटकेचा प्रसंग हवाच असेल तर तो इथून काढा, ज्वाळांतून उडी मारण्यापेक्षा पटेल.

आता क्रम. शेजाऱ्याची तक्रार, मग शोधकाला गावाकडून बोलावणं. पकडण्याचा अधिकार शिपायाचा आणि दंडाधिकाऱ्याचा, हॉपकिन्सचा नव्हे. 'महाशोधक' ही पदवी त्याने स्वतःच घेतलेली. त्यामुळे तुमचा नायक परस्पर कुणाला अटक करू शकत नाही. पुढे बायकांकडून अंगझडती, म्हणजे सैतानाच्या खुणा शोधणं (हॉपकिन्सकडे हे काम मेरी फिलिप्स करी), मग झोपू न देता रात्रीचा पहारा, कबुली, दंडाधिकाऱ्यापुढे जबानी, आणि कोल्चेस्टरच्या किल्ल्यातला तुरुंग. पहिल्या आरोपी मार्चमध्ये धरल्या आणि खटले चेम्सफर्डला 17 जुलैला उभे राहिले. मधले चार महिने बहुतेक लेखक एका ओळीत उडवतात, आणि तिथेच तर कादंबरीला जागा आहे. कैद्याचा खर्च कैद्यानेच करायचा, तुरुंगातल्या तापाने माणसं खटल्याआधीच मरायची. खटला मात्र काही मिनिटांचा. आरोपीला वकील नाही, तिच्या बाजूच्या साक्षीदारांना शपथ नाही.

पैशांचं विसरू नका. एकट्या स्टोमार्केट गावाला हॉपकिन्स 23 पौंडांना पडला, म्हणजे 460 शिलिंग. मजुराला तेव्हा दिवसाला फार तर शिलिंगभर मिळे. नायक या टोळीत का शिरला, याचं कारण इथेच सापडेल.

दौतटाक:
जादूचे नियम कायद्यातून काढा. 1604 च्या कायद्यात दुष्टात्म्याला पाळणं, खाऊ घालणं हाच देहदंडाचा गुन्हा होता. म्हणून सगळी चौकशी 'पाळीव भूत कुठलं?' या प्रश्नाभोवती फिरते: मांजर, ससा, घूस, माशीसुद्धा. झाडूवर बसून उडणं, जंगलातल्या मेजवान्या हे बहुतेक युरोपच्या मुख्य भूमीवरचं, एसेक्समध्ये ते भरू नका.

पहाऱ्याची खोली कशी असे, याचं वर्णन जॉन गॉल या पाद्र्याने 1646 मध्ये केलंय, तेही विरोध म्हणून. संशयित बाईला खोलीच्या मधोमध स्टुलावर किंवा टेबलावर मांडी घालून अवघडून बसवायचं, ऐकलं नाही तर दोरीने बांधायचं. चोवीस तास अन्न नाही, झोप नाही. भुतांना आत येता यावं म्हणून दाराला छोटं भोक. पहारेकऱ्यांनी मधूनमधून खोली झाडायची, कोळी-माश्या दिसल्या की मारायच्या. मरत नसेल ती माशी म्हणजे भूत! एलिझाबेथ क्लार्क ही एका पायाची म्हातारी अशी रात्रीमागून रात्र बसवली आणि चौथ्या रात्री तिची भुतं 'दिसली'. जागरणाने माणूस भ्रमतो, पहारेकरीही जागेच असतात. दोन्ही बाजूंना भास होतात, हे लक्षात ठेवून लिहा.

पाण्यात टाकायचा प्रसंग ठेवणार असाल तर उजवा अंगठा डाव्या पायाच्या अंगठ्याशी, डावा उजव्याशी असे बांधतात आणि कमरेच्या दोराची टोकं दोन्ही काठांवरच्या माणसांच्या हातात असतात. तरंगली तर दोषी. दोर ताणला की कुणीही तरंगतं, तेव्हा दोर कुणाच्या हातात आहे ते वाचकाला दिसू द्या. बरी सेंट एडमंड्स या शहरात 27 ऑगस्टला 18 जणांना फाशी झाली, त्या खटल्यांच्या वेळी न्यायाधीशांनी ही परीक्षा बंद करायला लावली. म्हणून हा प्रसंग उन्हाळ्याच्या पुढे नेऊ नका.

जादूचं हत्यार हवं तर चेटकाची बाटली घ्या. ऱ्हाइनकडून येणारा दाढीवाल्या चेहऱ्याचा मातीचा बुधला. त्यात बाधा झालेल्याची लघवी, वाकवलेल्या टाचण्या, खिळे, केस, नखं भरून चुलीखाली किंवा उंबऱ्याखाली पुरायचा. 2004 मध्ये ग्रिनिचला मिळालेल्या बाटलीत 12 खिळे आणि 8 टाचण्या होत्या, एक खिळा कातड्याच्या हृदयातून आरपार. समजूत अशी की बाटली पुरली की चेटकिणीला लघवी करताना कळा येतात आणि ती त्या घरी येते. तुमची नायिका नेमक्या त्याच दिवशी मीठ मागायला तिथे गेली तर?

तिसरा खर्डा:
प्रेमाबद्दल. कोठडीत प्रेम जमवू नका. एकाच्या हातात दुसरीची झोप आणि जीव असताना जे घडतं त्याला प्रेम म्हणणं जड जाईल, तरुण वाचक तर हे चटकन ओळखतात. ओळख अटकेआधीची ठेवा. पहाऱ्याला बहुधा गावातलीच माणसं बसवत, तेव्हा नायक टोळीचा नोकर नसून पाळीवर बसवलेला शेजारी असू शकतो. मग त्याची निवड अगदी साधी: जोडीदार पेंगला की तिला तासभर झोपू द्यायचं. चौथ्या रात्रीची कबुली तेवढ्यानेच टळू शकते.

दुसरा मुद्दा अवघड आहे. नायिकेकडे खरी जादू आहे म्हटलं की शोधक बरोबर ठरतात. यावर एकच उपाय मला पटतो: अंगझडती, पहारा, पाणी यातल्या एकाही परीक्षेला खरी जादू कळत नाही, सापडतात त्या निर्दोष म्हाताऱ्या. नंदुरबारकडे आजही डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच लागला. मराठी वाचक हे माहीत असूनच तुमचं पुस्तक उघडणार.

कोरापान:
शोधकांचा मुद्दा पटला. प्रेमाच्या काढ्याचं प्रकरण ठेवू का? आणि लग्न कुठल्या विधीने लावू?

सनावळी:
काढा जरूर ठेवा. त्याच 1604 च्या कायद्यात जादूने कुणाला अनैतिक प्रेमात पाडणं हा वेगळा गुन्हा होता: पहिल्या वेळी वर्षभर कैद आणि दर तिमाहीला सहा तास खोड्यात उभं राहणं, दुसऱ्या वेळी मृत्युदंड. म्हणजे नायक प्रेमात पडला हीच तिच्याविरुद्धची साक्ष होऊ शकते.

लग्नात अंगठी घालू नका. जानेवारी 1645 मध्ये संसदेने इंग्लंडच्या चर्चचं जुनं प्रार्थनापुस्तक रद्द केलं. नव्या पद्धतीत हातात हात घेऊन वचन द्यायचं, अंगठी नाही. आणि कागदपत्रांत तारीख घालताना जपा: तिथलं वर्ष 25 मार्चला बदलायचं. त्याआधीच्या जबानीवर 1644 असंच लिहिलेलं असणार.