चोक झालेला कॅट-कॉन घरीच काढून सरळ पाइप टाकला तर बिघडलं काय?

मुठेकाठचा
गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, पुणे पासिंग, म्हणजे प्रदूषणाचं बीएस-४ मानक. गेले काही महिने पिकअपच गेलंय, कात्रजच्या चढाला तिसऱ्यातही ओढत नाही, चेक इंजिन लाइट विझत नाही आणि स्कॅनर लावला तर पी ०४२० कोड येतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा कॅट-कॉन, चोक झालाय, मॅनिफोल्डसकट (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पाइपांच्या जोडासकट) बदलावा लागेल, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी गाडी घेऊन सरळ घरी आलो, एवढे पैसे या वयाच्या गाडीत कोण घालणार? ओळखीचा फिटर म्हणतो काढून टाका, मधे सरळ पाइप बसवा, गाडी पळायला लागेल. पाने आहेत, जॅक आहे, रविवार मोकळा आहे. आपल्याकडे कॅट-कॉन आला १९९५ ला, तोही फक्त चार महानगरांतल्या नवीन पेट्रोल गाड्यांना, त्याआधी लोक गाड्या चालवतच होते ना? काळा धूर ओकणारे डंपर रोज समोरून जातात त्यांना कोणी हात लावत नाही, आणि नियम आठवतात ते आमच्यासारख्यांना पाहूनच. मला यात काही चूक दिसत नाही. पटत नसेल तर मुद्दा मांडा.

ग्रीसचे हात
दादा, आधी एक सांगा, तो चोक आहे हे मोजलं कोणी? पी ०४२० चा अर्थ एवढाच की मागचा ओटू (ऑक्सिजन) सेन्सर सांगतोय कॅट नीट काम करत नाहीये. चोक आहे असं तो कोड म्हणत नाही. पुढचा ओटू सेन्सर काढायचा, त्या भोकात प्रेशर गेज लावायचा आणि इंजिन चालू करायचं. आयडलला (ॲक्सिलरेटर न देता) दाब दीड पीएसआयच्या वर किंवा २५०० आरपीएमला तीनच्या वर गेलं तर अडथळा आहे असं समजा, नाहीतर पिकअपचं कारण दुसरंच आहे. आणि खरंच चोक असला तरी तो आपोआप होत नाही. कॉइल कमजोर झाली, प्लग मिसफायर करतोय, तर न जळलेलं पेट्रोल कॅटमधे जाऊन तिथे जळतं आणि आतली मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी वितळते. नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेल्यात आणि इंजिन ऑइल खातंय. ते तसंच ठेवून नुसता कॅट काढलात तर दुखणं इंजिनात तसंच राहणार, फक्त दिसायचं बंद होणार.

फ्री फ्लो
मी काढलाय आणि मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही. जुनी गाडी आहे, फार कमी चालते, इंजिन टकाटक आहे. काढल्यावर गाडी मोकळी झाली, ॲव्हरेजही सुधारलं. पीयूसीवाला कित्येकदा नळीसुद्धा नीट आत घालत नाही, मग सगळं ओझं एकट्या गाडीमालकाने का वाहायचं? आधी सरकारने डंपर आणि कचरा जाळणं बंद करावं, कंपन्यांनी पार्ट परवडेल अशा भावात द्यावेत, मग आम्हाला सांगावं.

ग्रीसचे हात
@फ्री फ्लो, तुमचा कॅट चोक असेल तर मोकळं वाटणारच, नवीन कॅट टाकला असता तरी तेवढंच वाटलं असतं. चांगला कॅट स्टॉक गाडीची ताकद फारशी खात नाही आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पुढच्या सेन्सरकडे बघूनच पेट्रोल सोडतो, मागे कॅट असो नसो मिक्स्चर तेच. चांगला कॅट काढून ॲव्हरेज वाढतं हे मला मान्य नाही.

सिंहगडरोडवाली
मला गाडीतलं फार कळत नाही पण मी मुलीला स्कूटरवर शाळेत सोडते, ती दम्याची आहे, पंप कायम दप्तरात असतो. सिग्नलला थांबलो की पुढच्या गाडीचा सायलेन्सर आमच्याकडेच तोंड करून असतो. गाडी तुमची आहे हो, पण धूर तुमच्या गाडीत राहत नाही ना, तो आमच्याकडे येतो. कॅट-कॉन कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांनाही पकडतो असं मी वाचलंय, आणि यातले शेवटचे दोन उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो, जो अशा मुलांना सगळ्यात जास्त त्रास देतो. डंपरचा राग मलाही येतो, रोज येतो, पण डंपर सुटतो म्हणून तुम्हीही सोडा हे मला पटूच शकत नाही.

कलम बावन्न
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या फेरफाराला १८२अ (४) खाली दर बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रदूषणाचं मानक मोडून गाडी रस्त्यावर आणली तर १९० (२), पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. शिवाय २०१२ ची गाडी म्हणजे १५ वर्षांचं री-पासिंग आलंच. बीएस-४ पेट्रोलला आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएमची मर्यादा आहे, नळी नीट घातली तर कॅटशिवाय सीओ त्याच्या आत ठेवणं कठीणच. आणि पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत, तेव्हा पीयूसी पास झाली म्हणजे धूर स्वच्छ असंही नाही.

मुठेकाठचा
ताई, तुमच्या मुलीचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण पैशाचा प्रश्न तसाच राहतो हो. आणि फिटर तर म्हणतोय मजुरी पण नको, काढलेला कॅट फक्त मला द्या.

ग्रीसचे हात
मजुरी नको म्हणतोय कारण आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम आहे, भंगारात त्याचे चांगले पैसे येतात. ते पैसे तुमचे आहेत, नवीन कॅटमधून वजा करून घ्या. मॅनिफोल्डसकटच बदलायला पाहिजे असंही प्रत्येक वेळी नसतं. कॅट वेगळा फ्लँजवर (बोल्टच्या जोडावर) असेल किंवा कापून वेल्डिंग करता येत असेल तर बाहेरचा कॅट कंपनीच्या भावापेक्षा बराच स्वस्तात बसतो, फक्त बीएस-४ ला चालणारा घ्या.
आणि घरी करायचं म्हणताय तर कळकळीने सांगतो, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. कॅट मॅनिफोल्डलाच चिकटून असेल तर तिथले स्टड वर्षानुवर्षं तापून गंजलेले असतात, जोर लावला की हेडमधे तुटतात आणि मग ड्रिल करून काढायचा खर्च कॅटच्या वर जातो. छिन्नीने आतली जाळी फोडायचा सल्लाही मिळेल, ती धूळ आणि जाळीभोवतीच्या मॅटचे तंतू फुफ्फुसात जायला नकोत. ग्राइंडर पेट्रोलच्या लाइनजवळ चालवू नका. जोड जरा लीक राहिला तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमधे येतो, त्याला वास नसतो, काच बंद करून एसीत बसलेल्याला कळतही नाही.

फ्री फ्लो
लीकचं मान्य, गॅस्केट नवीनच टाकायला हवी. बाकी माझं मत बदललेलं नाही. पार्ट परवडत नाही तोवर लोक काढतच राहणार.

सिंहगडरोडवाली
पार्ट स्वस्त व्हायला हवेत यासाठी तुम्ही अर्ज करा, मी पहिली सही करते. तोवर कॅट काढू मात्र नका.

मुठेकाठचा
ठीक, रविवारी काढत नाही. आधी कॉइल, प्लग बघतो आणि प्रेशर मोजतो. खरंच चोक निघाला तर बाहेरच्या कॅटचे भाव काढीन. तेही झेपले नाहीत तर काय करायचं यावर माझं अजून ठरलेलं नाही, हे स्पष्ट सांगतो. ओटू सेन्सरच्या भोकाला बसेल असा गेज नाना पेठेत मिळेल का?

ग्रीसचे हात
गेज कुठलाही साधा चालेल, आट्याचा ॲडाप्टर मात्र एम १८ × १.५ सांगून घ्या. सेन्सर इंजिन थोडं कोमट असताना सोडवा, गार असला तर आटे धरून बसतात. परत बसवताना अँटी-सीझ लावा, पण सेन्सरच्या टोकाला लागू देऊ नका.