परदेशात घरचाच नंबर चालू ठेवावा की तिथलं सिम घ्यावं?

शिदोरी (धागाकर्ती)
कुणी परदेशी निघालं की सल्ला ठरलेला असतो: उतरल्या उतरल्या तिथलं सिम घे, घरचं काढून ठेव. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. बँकेचा ओटीपी, ईमेलचं लॉगिन, विमानाची वेळ बदलल्याचा मेसेज, सगळं आपल्या नेहमीच्या नंबरावर येतं. कार्ड हरवलं तर नेटबँकिंगमधून ते बंद करायलाही बहुतेकदा त्याच नंबरावरचा ओटीपी लागतो. घरी म्हातारी माणसं असतील तर त्यांना पाठ असलेला नंबर अपरात्रीही लागायलाच हवा. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, रोमिंग पॅक घ्यावा आणि घरचाच नंबर वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा
अजिबात पटलं नाही. पॅक घेतला म्हणजे निर्धास्त, हा समजच घातक आहे. पॅक असतो तो जमिनीवरच्या नेटवर्कसाठी. जहाजावर आणि विमानात उपग्रहामार्फत चालणारं वेगळं नेटवर्क असतं आणि बहुतेक पॅकमध्ये ते धरलेलं नसतं. माझी मावशी रात्रीच्या फेरीबोटीत होती. किनारा मागे पडला तसं फोनने बोटीवरचं नेटवर्क पकडलं आणि फोटोंचा बॅकअप सुरू झाला. ती झोपलेली. त्या एका रात्रीचं बिल अख्ख्या पॅकपेक्षा जास्त आलं. सीमेलगतच्या गावात तर देश न सोडताही शेजारच्या देशाचा टॉवर पकडला जातो.

वाटसरू_क
@उंबरठा, बोटीवर फोन एअरप्लेन मोडवर टाकला की हा प्रश्न मिटतो. त्यासाठी नंबरच बंद कशाला करायचा? आणि रोमिंग म्हणजे लूट हेही सरसकट खरं नाही. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून, तिथल्याच एखाद्या देशाचं सिम असेल तर, वाजवी वापरासाठी दुसऱ्या सदस्य देशात रोमिंगचा जादा आकार लागत नाही.

उंबरठा
आणि युरोपीय संघातल्या देशातून निघालेली रेल्वे संघाबाहेरच्या स्वित्झर्लंडमध्ये शिरली की हा नियम लागू नाही. डब्यात बसलेल्या माणसाने खिडकीतून सीमा ओळखायची का?

तारघर
दोन्ही बाजू कॉल, मेसेज आणि डेटा एकाच टोपलीत टाकताहेत. तिघांचा हिशोब वेगळा आहे.

परदेशात असताना आलेला कॉल आधी घरच्या नेटवर्ककडे जातो आणि तिथून तुम्ही असाल तिथे वळवला जातो. करणाऱ्याला नेहमीचाच दर पडतो, पुढच्या पल्ल्याचे पैसे तुमचे. त्यात व्हॉइसमेल चालू असेल तर बघायलाच नको. तुम्ही उचलला नाहीत की तोच कॉल उलटा घरच्या व्हॉइसमेलकडे जातो, आणि काही कंपन्या जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही पैसे लावतात. म्हणून निघण्याआधी कॉल व्हॉइसमेलकडे वळवणारं कॉल फॉरवर्डिंग बंद करा.

मेसेज येण्याला मात्र बहुतेक ठिकाणी काहीच लागत नाही. म्हणजे शिदोरीताई, ओटीपीसाठी सहसा पॅक लागत नाही. रोमिंग सुरू, डेटा रोमिंग बंद, एवढं पुरतं. नेटसाठी दुसरं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, घ्या. फक्त एक बघा: डेटासाठी ई-सिम निवडलं तरी काही फोनमध्ये ‘डेटा आपोआप बदलू द्या’ अशा अर्थाचं एक बटण असतं. ते चालू आणि घरच्या सिमचं डेटा रोमिंगही चालू राहिलं, तर ई-सिमची रेंज गेल्यावर फोन गुपचूप घरचं सिम वापरू लागतो.

शिदोरी
मेसेजचं पटलं. पण ई-सिम सगळ्यांच्या फोनमध्ये चालत नाही, आणि हप्त्यावर घेतलेला फोन कंपनीने लॉक केलेला असेल तर दुसरं सिम स्वीकारतच नाही. शिवाय प्रवासासाठीची बरीच ई-सिम नुसत्या डेटाची असतात, त्यांना नंबरच नसतो. तुर्कस्तानात तर बाहेरून आणलेल्या फोनमध्ये तिथलं सिम घातलं आणि फोनची नोंदणी केली नाही, तर १२० दिवसांनी फोन बंद पडतो. माझ्या काळजीचं मूळ घरच्यांचा कॉल आहे. माझ्या वडिलांकडे साधा फोन आहे, व्हॉट्सअ‍ॅप नाही. त्यांनी मला गाठायचं कसं?

निळीशाई
तो कॉल लागेलच असं कशावरून? अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी हे जुनं नेटवर्क बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते २०२४ मध्ये संपलं. अशा ठिकाणी कॉल बहुतेकदा फोरजीवरून, म्हणजे व्होल्टी नावाच्या सोयीनेच लागतो. तुमचा फोन किंवा तुमची कंपनी रोमिंगमध्ये व्होल्टी देत नसेल, तर पॅक असूनही नेट चालेल आणि कॉल मात्र लागणार नाही. ‘रोमिंगमध्ये व्होल्टी आहे का, आणि कुठल्या देशांत?’ असं कंपनीला नेमक्या शब्दांत विचारा. नुसतं ‘रोमिंग आहे का’ विचारलंत तर हो म्हणतील.

शिदोरी
विचारते. नाही म्हणाले तर कंपनी बदलेन, पण वडिलांना नवा नंबर पाठ करायला लावणार नाही.