वायर, जोड आणि जळका वास: गाडीच्या वायरिंगचे तुमचे अनुभव

डिचोलीकर
काल माळा आवरताना लाल वायरीचं अर्धं बंडल सापडलं आणि तो वास पुन्हा नाकात शिरला. घर बांधताना उरलेली वायर. तिच्याच जिवावर मी व्हॅनला 55 वॅटचे दोन फॉग लॅम्प जोडले होते. चवथीच्या खरेदीला बेळगावला निघालो, चोर्ल्याच्या घाटात दाट धुकं, ऐटीत दिवे लावले. थोड्या वेळाने डॅशबोर्डखालून धूर. बायको म्हणते, "अहो, धुकं आत पण आलं." बॅटरीवरची वायरीची थिंबल उपटली तेव्हा थांबलं. मोठा करंट झेलणारा रिले नाही, फ्यूज नाही, सगळा करंट त्या चिमुकल्या स्विचमधून. तुमचंही येऊ द्या.

आईचं हुमण
वहिनींना दंडवत 😂

पायलट वास्को
माझ्या बाईकचा हॉर्न दर जूनमध्ये मुका. जोडावर काळी टेप. सोडवली तर आत चिकट राळ आणि तांब्यावर हिरवी पूड, बोटाने चोळली तर तारच हातात आली. खारा वारा टेपला जुमानत नाही. आता आत गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह घालतो, गरम केली की आवळते आणि गोंद कडेने बाहेर येतो, मग समजायचं बसली.

गॅरेजात_अर्धं_आयुष्य
डिचोलीकरदादा, बिचाऱ्या वायरीला शिव्या नकोत, स्विच वितळला असणार. 110 वॅट म्हणजे 12 व्होल्टला नऊ अँपिअर, 1 चौरस मिमी तेवढ्याने पेटत नाही. पण चार मीटर धरली तर सहा दशांश व्होल्ट वाटेतच खाते, दिवा पिवळट. 2.5 ची घ्या, पाव व्होल्टवर येईल. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरी, 87 ला दिवे, स्विच फक्त 85-86 च्या कॉइलला. फ्यूज 15 अँपिअरचा, निळा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. तो दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. आणि घरच्या वायरीच्या तारा जाड, कवच 70 अंशांचं. बोनेटखाली गाडीचीच वायर हवी, बारीक तारांची, 105 अंशांची.

फोंड्याचा_बाबू
मी सगळे जोड सोल्डर करतो. कधी तुटलं नाही.

गॅरेजात_अर्धं_आयुष्य
तुटेल रे. सोल्डरचं कथील तारांमधून वर चढतं, तेवढा तुकडा कडक होतो, आणि कडक संपतो तिथेच थरथरून तुटतो. त्यापेक्षा पिन दाबून बसव, त्याला नीट पक्कड घे, दाबून झाली की ओढून बघ.

फोंड्याचा_बाबू
दाताने दाबली तर? 😁

बेतूलची शैला
आमच्याकडे ट्रॉलरवर कल्हई केलेल्या तांब्याची वायर वापरतात, भावाने तीच जीपला घातली. दुकानदार म्हणाला ही ॲल्युमिनियमची. भावाने ब्लेडने तार खरवडून दाखवली: वरून पांढरी, आत लाल. भेसळीची असते ती उलट, वरून लाल आणि आत पांढरी. दुकानदार गप्प.

पायलट वास्को
हे लक्षात ठेवतो ताई. म्हणजे माझी स्वस्तातली कुठली होती ते कळलं.

म्हापशेकरीण
उंदरांवर काय उपाय? तिसऱ्यांदा कपलरच्या मागून वायर कुरतडली. तंबाखूची पानं ठेवून झाली.

आईचं हुमण
तुमच्या उंदराला तंबाखूची सवय लागली असेल 😂 मांजर पाळा गे.

म्हापशेकरीण
मांजर आहे. बोनेटवरच झोपतं!

चोडणवासी
विषयाबाहेरचं, रायबंदरच्या धक्क्यावर आत्ता रांग किती? फेरीत बाईक घालायची आहे. हेडलाइट आपोआप बंद होतो, बॉडीचं अर्थिंग सैल असेल का?

गॅरेजात_अर्धं_आयुष्य
असेल. बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढ, घट्ट आवळ, वरून ग्रीस.

पायलट वास्को
रांग आहे. पण बाईक पुढे घेतात, ये.

फोंड्याचा_बाबू
डिचोलीकरदादा, खरेदीचं काय झालं? कुंदा आणला की नाही?

डिचोलीकर
दुसऱ्या दिवशी बसने गेलो. आणला. येताना अर्धा मीच खाल्ला.