मदत हवी आहे : रिअल अ‍ॅनालिसिस आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा एकाच सत्रात घ्यावेत का?

चांदणी :
नमस्कार. पुढच्या सत्राची विषयनोंदणी उद्या संध्याकाळी बंद होणार आहे आणि माझा निर्णय अजून होत नाही. रिअल अ‍ॅनालिसिस आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा (पहिल्यात सीमा आणि सातत्य यांचा काटेकोर अभ्यास, दुसऱ्यात गट, वलये अशा बीजगणिती रचनांचा) हे दोन्ही विषय एकाच सत्रात घेतले तर झेपतील का, एवढाच माझा प्रश्न आहे. वरच्या वर्गातले काही जण म्हणतात की दोन्ही एकत्र घेणाऱ्याचे दोन्ही कच्चे राहतात. काही जण म्हणतात की गणितात पदवी घ्यायची तर हे विषय जितक्या लवकर होतील तितके बरे. माहितीपत्रकात प्रत्येक विषयापुढे श्रेयांक दिले आहेत, पण त्यांवरून अभ्यासाचा खरा भार कळत नाही. ज्यांनी हे दोन्ही विषय केले आहेत त्यांनी कृपया हो किंवा नाही असे स्पष्ट उत्तर द्यावे.

शेषफल :
तसे उत्तर देता येईल, पण त्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. आतापर्यंत तुमचे कोणते विषय झाले आहेत? त्यांपैकी एखाद्यात स्वतः सिद्धता रचाव्या लागल्या होत्या का, की केवळ उदाहरणे सोडवायची होती? त्याच सत्रात आणखी काय घेणार आहात? नुसत्या नावावरून भार ठरत नाही. रिअल अ‍ॅनालिसिस या एकाच नावाखाली एखाद्या विद्यापीठात अनुक्रम आणि श्रेणी यांपासून सावकाश सुरुवात होते, तर दुसरीकडे सुरुवातीलाच मेट्रिक स्पेस (ज्यात कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर ठरलेले असते असा संच) येऊन उभी राहते.

त्रिज्या :
दोन्ही एकत्र घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे, आणि एकच जमणार असेल तर अल्जेब्रा आधी घ्यावे. मी तसेच केले आणि त्याचा मला फार उपयोग झाला. गट म्हणजे एक संच आणि त्यावरची एक क्रिया; त्याच्या व्याख्येत मोजक्या अटी असतात आणि तेवढ्यांवरून थोड्याच व्याख्यानांत लाग्रांजच्या प्रमेयापर्यंत पोहोचता येते : सांत गटाच्या कोणत्याही उपगटाची सदस्यसंख्या मूळ गटाच्या सदस्यसंख्येला निःशेष भागते. उपगटामुळे संपूर्ण गटाचे समान आकाराचे आणि परस्परांत न मिसळणारे भाग पडतात, हे दाखवले की सिद्धता पूर्ण होते. त्यातूनच पुढे फर्माचे छोटे प्रमेय निघते. प्रत्येक पायरी कोणत्या अटीवरून आली ते बोट ठेवून दाखवता येते. अ‍ॅनालिसिसमध्ये मात्र कलनाच्या सवयीमुळे विद्यार्थ्याला पुष्कळ गोष्टी उघड वाटतात आणि जे सिद्ध करायचे आहे तेच तो गृहीत धरून बसतो.

शेषफल :
त्रिज्या, तुम्ही जी अडचण सांगत आहात तिच्यासाठीच अ‍ॅनालिसिस आधी करायला हवे. उघड वाटणाऱ्या गोष्टींनी मोठमोठ्यांना चकवले आहे. संतत फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीजही संततच असते असे कोशीने १८२१ मध्ये मांडले होते आणि आबेलने १८२६ मध्ये त्याला अपवाद दाखवला. साधे उदाहरण घ्यायचे तर शून्य ते एक या अंतराळात क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन असे घात घेत पुढे जावे. यांतले प्रत्येक फलन संतत आहे, पण सीमेत उरणारे फलन एकच्या अलीकडे सर्वत्र शून्य असते आणि एकवर पोहोचताच एक होते. एकसमान अभिसरणाची, म्हणजे सगळ्या बिंदूंवर एकत्रच सीमेच्या जवळ येण्याची, कल्पना का लागली, ते हे उदाहरण हाताने करून पाहिल्याशिवाय उमगत नाही. ही सावधगिरी अंगी आली की गट आणि वलये पुष्कळ सोपी जातात.

चांदणी :
कलनाचे दोन्ही भाग आणि लिनिअर अल्जेब्रा झाले आहे. ते सगळ्यांचेच झालेले असते म्हणून मी लिहिले नव्हते. परीक्षेत सिद्धता येत असत आणि मला गुणही चांगले आहेत. कोणता विषय अधिक सुंदर आहे हा माझा प्रश्न नाही. मला उद्यापर्यंत निर्णय घ्यायचा आहे.

पायरी :
सिद्धता परीक्षेत येणे आणि सिद्धता रचता येणे यांत मोठे अंतर आहे, म्हणून शेषफल यांचा प्रश्न मी पुन्हा विचारते. लिनिअर अल्जेब्रा या नावाचेही दोन प्रकार असतात. एकात मॅट्रिक्स, निर्धारक आणि समीकरणे सोडवण्याच्या पद्धती असतात. दुसऱ्यात व्हेक्टर स्पेस, आधार, मिती आणि रेषीय रूपांतरणे असतात. तुमचा कोणता झाला? आज रात्री वही मिटून दोन सिद्धता स्वतः लिहून पाहा. पहिली : एकास एक रेषीय रूपांतरण रेषीयदृष्ट्या स्वतंत्र संचाला स्वतंत्र संचाकडेच नेते. दुसरी : अभिसारी अनुक्रमाला एकच सीमा असते. दोन्ही नीट जमल्या तर दोन्ही विषय एकत्र घेण्याइतकी तयारी आहे असे मी म्हणेन. एकही जमली नाही तर सिद्धतालेखनाची ओळख करून देणारा एखादा विषय तुमच्या विभागात आहे का ते आधी पाहावे.

मूळबिंदू :
माझा सल्ला थोडा वेगळा आहे. तुम्ही थेट टोपॉलॉजी घ्यावी. मुक्त संच, संहतता आणि संयुक्तता या कल्पना तिथे शुद्ध स्वरूपात भेटतात आणि मग अ‍ॅनालिसिसमधली अनेक प्रमेये त्यांची विशेष उदाहरणे वाटू लागतात. बंदिस्त अंतराळावरचे संतत फलन आपली महत्तम किंमत गाठते, ही गोष्ट संहततेच्या भाषेत किती स्वच्छ दिसते ते अवश्य पाहा.

त्रिज्या :
मूळबिंदू, जिने सीमा आणि सातत्य अजून काटेकोरपणे केलेले नाही तिला मुक्त संचांच्या अटी कशासाठी आहेत हे कळणार कसे? व्याख्या तोंडपाठ होतील आणि हाती एकही उदाहरण नसेल. शिवाय त्यांनी टोपॉलॉजीविषयी विचारलेलेच नाही.

चांदणी :
टोपॉलॉजी आम्हाला शेवटच्या वर्षाआधी घेताच येत नाही. आमचे लिनिअर अल्जेब्रा पहिल्या प्रकारचे होते, शेवटच्या भागात व्हेक्टर स्पेसची ओळख होती. पुढच्या सत्रात संभाव्यता आणि बहुचल कलन हे दोन विषय आधीच नोंदवलेले आहेत आणि ते बदलता येत नाहीत, कारण पदवीनंतर मला संख्याशास्त्राकडे जायचे आहे. अ‍ॅनालिसिसचा पहिला भाग वर्षातून एकदाच शिकवतात, अल्जेब्रा दोन्ही सत्रांत असते.

पायरी :
खरे उत्तर या शेवटच्या परिच्छेदातच आहे. तुमच्यापुढे दोन नव्हे, चार विषयांचे सत्र आहे आणि त्यांतला एक वर्षभर पुन्हा मिळणार नाही. त्यामुळे अ‍ॅनालिसिस आत्ताच घ्यावे आणि अल्जेब्रा पुढे ढकलावे. संख्याशास्त्राचा विचार केला तरी हाच क्रम योग्य ठरतो. आधुनिक संभाव्यतेची मांडणी कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये मापनसिद्धांतावर (संचांना लांबी, क्षेत्रफळ अशी मापे देण्याच्या सिद्धांतावर) केली आणि मापनसिद्धांताचा रस्ता अ‍ॅनालिसिसमधूनच जातो. पहिल्या संभाव्यतेच्या विषयात ते लागणार नाही, तिथे कलनावर भागते; परंतु मोठ्या संख्यांचा नियम आणि केंद्रीय सीमा प्रमेय यांत अभिसरण या एकाच शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी येतात आणि ज्याने अनुक्रमांवर हात बसवलेला नाही तो तिथे गोंधळतो. त्यानंतर लिनिअर अल्जेब्राचा दुसरा भाग मिळत असेल तर अल्जेब्राच्याही आधी तो घ्यावा. संख्याशास्त्रात सहविचरणाचे मॅट्रिक्स नेहमी सममित असते, आणि सममित मॅट्रिक्सचे आयगेन व्हेक्टर परस्परांना लंब घेता येतात या प्रमेयावर मुख्य घटक विश्लेषण (अनेक चलांची माहिती थोड्या मुख्य दिशांत मांडण्याची पद्धत) उभे आहे.

त्रिज्या :
नोंदणीच्या अडचणीमुळे क्रम बदलत असेल तर मी आग्रह धरत नाही, पण संख्याशास्त्राला अल्जेब्रा लागत नाही असा समज कोणी करून घेऊ नये. प्रयोगांच्या आखणीत लॅटिन चौरस (प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणारे) वापरतात आणि परस्पर लंब लॅटिन चौरस (एकावर एक ठेवले की चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच येणारे) रचण्यासाठी सांत क्षेत्रे उपयोगी पडतात. ज्यांच्या ओळींच्या संख्येला, म्हणजे क्रमांकाला, चारने भागल्यावर दोन उरतात अशा चौरसांची लंब जोडी नसते हा ऑयलरचा तर्क बोस, पार्कर आणि आपले शरदचंद्र श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये खोटा ठरवला; सहाच्या वरच्या अशा प्रत्येक क्रमांकाची लंब जोडी असते. बोस आणि श्रीखंडे हे दोघेही संख्याशास्त्राच्या क्षेत्रात काम करणारे होते. तेव्हा अल्जेब्रा पुढे ढकला, पण यादीतून काढू नका.

शेषफल :
यात माझे आणि त्रिज्या यांचे एकमत आहे. आता चांदणी यांनी त्या दोन सिद्धतांचे काय झाले ते सांगावे, म्हणजे चार विषयांतला तिसरा तरी पेलेल का ते कळेल.

चांदणी :
पहिली जमली. दुसरीत अशी सुरुवात केली की सीमा दोन आहेत असे मानू आणि एप्सिलॉन, म्हणजे सीमेपासूनचे मान्य अंतर, त्यांच्यामधल्या अंतराच्या निम्मे घेऊ. वर्गात असेच केले होते एवढे आठवले, पण निम्माच का घ्यायचा ते कळले नाही आणि तिथेच थांबले. अ‍ॅनालिसिसची नोंदणी केली आहे, अल्जेब्रा सोडले आहे. हा निम्मा भाग कोठून येतो ते कोणी सांगेल का?

पायरी :
तुम्हाला विरोधाभास हवा आहे, म्हणून शेवटून मागे या. अनुक्रमात पुरेसे पुढे गेल्यावर एकच पद दोन्ही सीमांपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असते. त्रिकोणाच्या असमानतेनुसार दोन सीमांमधले अंतर त्या दोन अंतरांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणजे ते एप्सिलॉनच्या दुपटीपेक्षा कमी ठरते. ही दुप्पट मूळ अंतराएवढी झाली की ते अंतर स्वतःपेक्षाच लहान ठरते आणि विरोधाभास मिळतो. निम्मा भाग घेतला की नेमके हेच होते. एक तृतीयांश किंवा त्याहून लहान भाग घेतला तरी सिद्धता चालते. निम्म्याहून मोठा घेतला तर चालत नाही, कारण मग ती दुप्पट मूळ अंतरापेक्षा मोठी होते आणि असमानतेतून काहीच हाती लागत नाही. आता हीच सिद्धता एक तृतीयांश घेऊन पूर्ण लिहा आणि इथे टाका, मी तपासून देते.